विहीर विद्यापीठाची, पाणी ओढ्याचं: एका उपपरिसर संचालकांचं प्रकरण

२०१९च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका विद्यापीठ उपपरिसरात पाण्यावरून जे घडलं, त्याची ही नोंद आहे. ओळख पटू नये म्हणून जिल्हा, गाव आणि संस्थेचं नाव दिलेलं नाही, काही तपशीलही बदलले आहेत. संचालकांना इथे नुसतं 'मॅडम' म्हटलं आहे. शैक्षणिक प्रशासनात नव्याने येणाऱ्यांशी बोलताना मी हे प्रकरण आवर्जून मांडतो. समाजात ज्याचं काम आहे असा माणूस परिसराच्या खुर्चीवर बसला, की त्याने केलेली चांगली गोष्ट नेमकी कोणाच्या वतीने केली, हे कागदावर ठरवून घ्यावं लागतं. मॅडमनी ते वेळेत ठरवलं. त्याची किंमतही मोजली.

पार्श्वभूमी

मॅडम त्याच जिल्ह्यातल्या. वडील कोरडवाहू शेतकरी, शाळा जिल्हा परिषदेची, पदवी तालुक्याच्या कॉलेजात. विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण, मग नेट ही पात्रता परीक्षा आणि अधिव्याख्याता म्हणून नेमणूक. विभागात रुजू झाल्यावर राष्ट्रीय सेवा योजनेचं काम त्यांच्याकडे आलं. नव्या माणसाच्या गळ्यात हे काम घालायची पद्धत सगळीकडेच आहे. या योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं, शिवाय सात दिवसांचं विशेष शिबिर. पुष्कळ ठिकाणी दरवर्षी नवं गाव निवडतात, रस्ता झाडतात, पथनाट्य होतं, समारोपाला सरपंचांचा सत्कार होतो आणि शिबिर संपतं.

मॅडमनी गाव बदललं नाही. परिसराच्या वरच्या अंगाला असलेल्या एकाच गावात आणि त्याच्या वस्तीवर त्या वर्षानुवर्षं शिबिर नेत राहिल्या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गावातल्या बाया त्यांच्याशी मोकळेपणाने बोलायला लागल्या. त्यातून बचत गट उभे राहिले आणि पुढे एक नोंदणीकृत संस्था झाली. मॅडम तिच्या विश्वस्त होत्या आणि धनादेशावर सही करणाऱ्या दोघांपैकी एक.

डिसेंबर २०१४मध्ये राज्यात जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं. गावाने ओढ्याच्या खोलीकरणाची मागणी केली, काम मंजूर झालं. यंत्राने झालं ते झालंच, पण काठ बांधणं, दगड रचणं हे काम गावकऱ्यांनी आणि सेवा योजनेच्या मुलामुलींनी श्रमदानाने केलं. हाच ओढा पुढे विद्यापीठाच्या कुंपणालगत वाहतो. परिसराची विहीर त्याच्या काठावर आहे.

पुढे मॅडम प्राध्यापक झाल्या आणि उपपरिसराच्या संचालकपदाचा कार्यभार त्यांच्याकडे आला. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात उपपरिसराचा संचालक हा विद्यापीठाचा अधिकारी म्हणून मोजला जातो. प्रत्यक्षात कुलगुरू, कुलसचिव, वित्त व लेखा अधिकारी सगळे मुख्य परिसरात, एसटीने काही तासांच्या अंतरावर. मोठी खरेदी, बांधकाम, नेमणुका यांच्या फायली तिकडेच जातात. निम्मे विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चाललेले. अशा जागी संचालकाचं खरं बळ असतं ते स्थानिक संबंधांत: तहसील, महावितरण, एसटी आगार, आजूबाजूच्या ग्रामपंचायती. परिसराच्या फाटकाशी एसटी थांबायला लागली ती मॅडमच्या आगारातल्या खेपांमुळे. मुलींची हजेरी त्यानंतर सुधारली, असं तिथले शिक्षक आजही सांगतात. हे काम कुठल्याही पदोन्नतीच्या अर्जात नीट बसत नाही, आणि उपपरिसर चालतो तो अशाच कामांवर.

अडचण

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. हा तालुका त्यात होता. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी, गरज पडेल तिथे टँकर अशा सवलती त्याबरोबर आल्या.

मार्चपर्यंत वस्तीवरची विंधन विहीर आटली. टँकर मंजूर होता. ग्रामीण भागात टंचाईच्या काळात माणशी दिवसाला २० लिटर पाणी द्यायचा निकष आहे. पण टँकर भरायचा कुठून हाच प्रश्न होता. उद्भव, म्हणजे पाणी भरायची जागा, लांब, रस्ता खराब, खेपा चुकत होत्या. आणि वस्तीपासून हाकेच्या अंतरावर विद्यापीठाच्या विहिरीत पाणी होतं.

हे पाणी तिथे का होतं, ते समजून घ्यायला हवं. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि उताराच्या दिशेने सरकत राहतं. वर ओढा खोल केला, पाणी अडलं, मुरलं, आणि खालच्या अंगाच्या विहिरीला त्याचा पाझर लागला. गावाला हे सांगायला भूजल तज्ज्ञाची गरज नव्हती. वस्तीवरच्या बायांना वॉचमनने फाटकावरून परत पाठवलं, त्या दिवशी संध्याकाळी सरपंच मॅडमच्या केबिनमध्ये आल्या.

"ताई, पाणी अडवलं आम्ही, साठलं तुमच्या विहिरीत. आणि आता आमच्या लेकीबाळींना तुमचा वॉचमन अडवतो."

मॅडमनी उत्तर दिलं नाही, दोन दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहातल्या मुलामुलींचं शिष्टमंडळ आलं. परीक्षा तोंडावर होती. विहीर गावाला दिली तर वसतिगृह बंद करतील, अशी अफवा पसरली होती. एका मुलीने जे सांगितलं ते मॅडमच्या टिपणवहीत जसंच्या तसं आहे: "मॅडम, घरी पाठवू नका. आमच्या गावात पण टँकरच आहे. वडील जनावरं घेऊन छावणीत आहेत, घराला कुलूप आहे. मी अभ्यास कुठे करू?"

म्हणजे दोन्ही बाजूंना तहानलेलीच माणसं होती. गाव विरुद्ध विद्यापीठ असं त्याचं चित्र पुढे काही लोकांनी रंगवलं, ते खरं नव्हतं.

यात आणखी दोन गाठी होत्या. १० मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली होती. आणि विद्यापीठात अधिष्ठाता (डीन) पदाची जाहिरात निघून मॅडमनी अर्ज केलेला होता. मुलाखती व्हायच्या होत्या.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. विहीर विद्यापीठाची, तिच्यावर वसतिगृह, प्रयोगशाळा आणि झाडं अवलंबून. नियमाने कोणी बोट ठेवलं नसतं. मॅडमच्या कार्यालयातल्या अनुभवी लिपिकाचं मत हेच होतं, आणि त्यात त्याचा स्वार्थ काही नव्हता. पाणी संपलं तर जबाबदार कोण, हा त्याचा प्रश्न रास्तच होता.

दुसरा, फाटक उघडून बायांना पाणी भरू द्यायचं. माणुसकीच्या दृष्टीने सगळ्यात सोपा. पण किती पाणी गेलं याची नोंद नाही, रात्री-बेरात्री गर्दी, विहिरीला कठडा अर्धवट. कोणी आत पडलं तर? शिवाय एका वस्तीला दिलं की शेजारच्या दोन गावांना नाही कसं म्हणायचं?

तिसरा पर्याय संस्थेकडून आला. संस्थेने देणगीतून टँकर भाड्याने घ्यायचा, विद्यापीठाने पाणी द्यायचं, वाटप बचत गटांनी करायचं. तीन-चार दिवसांत काम सुरू झालं असतं आणि कोणत्या घरात किती माणसं हे गटांच्या बायांना तोंडपाठ होतं. मॅडमचा कल सुरुवातीला याच पर्यायाकडे होता. त्यांना थांबवलं ते वित्त विभागातल्या एका जुन्या सहकाऱ्याने. तो फोनवर एवढंच म्हणाला, "देणारी सही तुमची, घेणारी सहीपण तुमचीच. उद्या कोणी विचारलं तर काय दाखवणार?"

चौथा पर्याय सरकारी वाटेचा होता: टंचाई काळातलं विहीर अधिग्रहण. ग्रामपंचायतीने ठराव करायचा, प्रस्ताव पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे जायचा, जागेची पाहणी व्हायची आणि तहसीलदारांच्या आदेशाने विहीर ठरावीक काळासाठी ताब्यात घेतली जायची. विहिरीच्या मालकाला मोबदला मिळतो. खासगी शेतकऱ्यांच्या विहिरी अशा दर उन्हाळ्यात घेतल्या जातात. विद्यापीठाची विहीर अशी द्यावी, हे त्या तालुक्यात कोणाला सुचलं नव्हतं. अडचण एकच, वेळ लागणार होता.

वसतिगृह लवकर बंद करण्याचा पाचवा पर्याय मुख्य परिसरातून सुचवण्यात आला होता. त्या मुलीच्या वाक्यानंतर मॅडमनी तो बाजूला ठेवला.

निर्णय आणि अंमलबजावणी

मॅडमनी अधिग्रहणाची वाट धरली. पण सगळ्यात आधी त्यांनी एक पत्र लिहिलं, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच आहे. संस्थेच्या अध्यक्षांना उद्देशून त्यांनी कळवलं, की टंचाईचा काळ संपेपर्यंत आपण संस्थेच्या बैठकांना येणार नाही, धनादेशावर सही करणार नाही आणि पाण्याच्या कोणत्याही व्यवहारात संस्था उपपरिसराशी करार करणार नाही. प्रत कुलसचिवांना, आवक क्रमांकासह. अधिग्रहणाचा प्रस्ताव त्यानंतर पुढे गेला.

संस्थेतल्या बायांना हे लागलं. इतकी वर्षं बरोबर राबलेली ताई ऐन दुष्काळात बाजूला झाली, अशी भावना होती. मॅडमनी पत्र आधी टपालाने पाठवलं आणि वस्तीवर जाऊन समजावलं नंतर. क्रम उलटा हवा होता.

प्रस्ताव हलवण्यासाठी मॅडमची सगळी जुनी ओळख कामी आली, आणि इथे ती वापरणं योग्यच होतं. ग्रामसभेचा ठराव त्याच आठवड्यात झाला. तलाठी, ग्रामसेवक आणि पाणीपुरवठ्याचे अभियंता एकाच दिवशी पाहणीला आले. एरवी त्या तिघांच्या तारखा जुळवण्यातच पंधरवडा जातो. मुख्य परिसराची लेखी संमती यायला त्याहून जास्त वेळ लागला. फाईल तिथे एका टेबलावर अडली होती, कारण उपपरिसराची विहीर कोणत्या लेखाशीर्षाखाली येते हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

आदेशात मॅडमनी तीन अटी घालून घेतल्या. टँकर पहाटे पाच ते आठ या वेळातच भरायचा. मोबदला विद्यापीठाच्या खात्यात जमा करायचा, आणि वसतिगृहाला पाणी कमी पडलं तर त्यातून टँकर घ्यायचा. तिसरी अट पातळीची: रोज उपसा थांबल्यावर आणि दुसऱ्या दिवशी उपसा सुरू होण्याआधी विहिरीतली पाण्याची पातळी मोजायची, रात्रीत पाणी पुरेसं भरून आलं नाही, तर त्या दिवशी टँकरची एक खेप कमी करायची.

ही पातळी मोजायचं काम वसतिगृहातल्या मुलामुलींनी घेतलं. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. दोराला हात-हात अंतरावर लाल चिंधीच्या गाठी, टोकाला दगड. सकाळी पावणेपाचला एक जण बॅटरी धरणार, दुसरा दोर सोडणार, तिसरा वहीत लिहिणार. भिजलेली शेवटची गाठ मोजायची आणि उरलेलं अंतर वितभर काठीने. वहीत तारीख, वेळ, पातळी, टँकरचा क्रमांक, चालकाची सही. वसतिगृह बंद होणार ही अफवा या वहीनेच संपवली. आपलं पाणी किती उरलंय हे मुलं स्वतः वाचत होती. कोणी न सांगता त्यांनी कपडे धुण्याचे वार ठरवून घेतले.

याच काळात परीक्षा शुल्क माफीचंही काम होतं. शुल्क अर्जाबरोबर आधीच भरलेलं असल्याने परतावा खात्यात जाणार होता, आणि पासबुकाच्या अस्पष्ट झेरॉक्स, चुकीचे आयएफएससी क्रमांक यांत पुष्कळ मुलं अडकली होती. तासिका तत्त्वावरच्या दोन शिक्षकांनी ते टेबल चालवलं. त्यांचा स्वतःचा पगार तेव्हा थकलेला होता, हे इथे लिहून ठेवायला हवं.

निवडणुकीचा प्रश्न एकदाच उभा राहिला. एका स्थानिक पुढाऱ्याने विहिरीपासून वस्तीपर्यंत जलवाहिनी टाकून देण्याची तयारी दाखवली, टँकरवर आणि टाकीवर नाव टाकायच्या बोलीवर. पिण्याच्या पाण्याचं चालू काम आचारसंहितेत थांबत नाही, पण नवं काम आणि नावाचा फलक म्हणजे सरळ भंग. मॅडमनी नकार दिला, तोही तोंडी न देता तहसीलदारांना प्रत देऊन.

तक्रार

महिन्याभरात कुलगुरूंकडे निनावी अर्ज गेला. संचालकांनी विद्यापीठाची मालमत्ता स्वतःच्या संस्थेसाठी वापरली, अधिष्ठाता पदासाठी प्रसिद्धी मिळवली, विद्यार्थ्यांना पहाटे राबवलं असे आरोप होते. निनावी असूनही त्यावर चौकशी समिती नेमली गेली.

मॅडमनी समितीपुढे भाषण केलं नाही. संस्थेला दिलेलं पत्र, अधिग्रहणाचा आदेश, मोबदल्याची पावती आणि मुलांची वही एवढंच ठेवलं. पत्राची तारीख प्रस्तावाच्या आधीची होती, त्यामुळे पहिला आरोप तिथेच संपला. वहीत मुलांनी आपापल्या पाळ्या स्वतः लावल्याचं दिसत होतं. समितीने तक्रार निकाली काढून दप्तरी दाखल करण्याची शिफारस केली.

पण चौकशी चालू असतानाच अधिष्ठाता पदाच्या मुलाखती झाल्या. मॅडमची निवड झाली नाही. दोन्हींचा संबंध होता असं मी म्हणणार नाही, निवड समितीकडे इतर कारणं असू शकतात. चौकशी प्रलंबित असलेल्या उमेदवाराला मुलाखतीच्या खोलीत काय वाटत असेल, हे मात्र कोणीही समजू शकेल.

निष्पत्ती

वस्तीला पाऊस येईपर्यंत पाणी पुरलं. त्या वर्षी मोसमी पाऊस केरळातच ८ जूनला पोहोचला आणि महाराष्ट्रात यायला जूनचा उत्तरार्ध उजाडला. जूनमध्ये पातळीच्या अटीमुळे टँकरच्या खेपा घटवाव्या लागल्या, आणि परिसराला काही दिवस मोबदल्याच्या पैशातून बाहेरचं पाणी घ्यावं लागलं. परीक्षा वेळापत्रकाप्रमाणे झाल्या. वसतिगृह एकही दिवस बंद राहिलं नाही.

मॅडमचा संचालकपदाचा कार्यभार पुढच्या वर्षी संपला आणि त्या विभागात परतल्या. संस्थेत त्या पुन्हा जाऊ लागल्या, पण विश्वस्त म्हणून नाही, साध्या सभासद म्हणून. त्यांच्या काही विद्यार्थ्यांनी त्या वहीतल्या नोंदींवर प्रकल्प केले. अधिग्रहणाची नस्ती उपपरिसराच्या कार्यालयात आजही आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी हुकली ती ऑक्टोबरमध्ये. टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा टप्प्यांत आखला जातो. कोणती विहीर कधी घ्यावी लागेल हे त्यातच लिहितात. तालुका दुष्काळी जाहीर झाला त्याच आठवड्यात उपपरिसराने आपली विहीर आराखड्यात घालायला सांगितली असती, तर मार्चमधली धावपळ, फाटकावरचा अपमान आणि मुख्य परिसरात अडलेली फाईल हे सगळं टळलं असतं. मॅडमना गावाची खडानखडा माहिती होती. आराखड्याच्या बैठकीत विद्यापीठाने बसायचं असतं, हे त्यांच्यासकट कोणाच्याच ध्यानात आलं नाही. ही त्रुटी एका व्यक्तीची नाही. आपली विद्यापीठं जिल्ह्याच्या नियोजनात स्वतःला धरतच नाहीत.

दुसरं, संस्थेतून बाजूला होण्याचं पत्र संचालकपद स्वीकारतानाच द्यायला हवं होतं. संकटात दिलं म्हणून ते सोडून जाण्यासारखं वाटलं. पदाबरोबर दिलं असतं तर रीत वाटली असती. अशा घोषणेचा साधा नमुना विद्यापीठाने नेमणूकपत्राबरोबरच द्यावा. सामाजिक काम करणाऱ्या शिक्षकाला त्याने आडकाठी होत नाही, उलट त्याला संरक्षण मिळतं.

विद्यार्थ्यांना निर्णयात आणायला चार दिवस उशीर झाला. शिष्टमंडळ येण्याची वाट न पाहता मॅडमनी त्यांना आधी विहिरीवर नेलं असतं, तर अफवेला जागाच राहिली नसती. विद्यार्थ्यांना परिस्थिती सांगितली तर ते घाबरतील, असं आपण उगाच धरून चालतो.

फाटक उघडायला हवं होतं का, यावर मात्र माझं मन अजून दोन्हीकडे जातं. आदेश येईपर्यंतचे दिवस वस्तीने कसे काढले ते मी ऐकलं आहे. कठड्याशी दोन माणसं उभी करून, ठरावीक वेळ देऊन, घरटी दोन हंडे देता आले असते. मॅडमचं म्हणणं असं, की एकदा तोंडी सुरू झालं की अधिग्रहणाची निकड संपली असती आणि टँकर कधीच आला नसता. सरकारी यंत्रणा पाहता यात तथ्य आहे. वाट पाहणाऱ्या बाईला ते पटणार नाही, यातही आहे.

आणि एक काम अर्धवटच राहिलं. ओढ्याच्या वरच्या अंगाच्या गावाने आणि खालच्या अंगाच्या परिसराने कायमचा लेखी समझोता करावा, असा मसुदा मॅडमनी जाण्यापूर्वी तयार केला होता: पाणी अडवण्याच्या कामात परिसराचा वार्षिक वाटा किती, विहिरीची पातळी कितीवर आली की पिण्यासाठी राखीव ठेवायची, नोंदवही कोणी ठेवायची आणि दरवर्षी ऑक्टोबरमध्ये बैठक कोणी बोलवायची. ग्रामपंचायतीने ठराव करून आपली बाजू मान्य केली. विद्यापीठाच्या बाजूने अजून सही व्हायची आहे.